रोजचे तीन फॉन्ट

गुल्हाने काकांबद्दल चांगलंच लिहायचं असं ठरवून मी बसलेले नाही. त्यांचं जे मला पटलं नाही ते मी त्यांच्या तोंडावर बोललेली आहे, एकदा तर अर्धा चहा टाकून उठलेली आहे. पण भांडलेली माणसं विसरायची म्हटली की विसरता येतात, हा माणूस येत नाही. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या एका गल्लीत, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या घरात ते एकटे राहत आणि रोज सकाळी आंघोळ झाली की कॉम्प्युटरवर तीन फॉन्ट बसवत. तीनच. चौथा नाही. ब्लडप्रेशरची गोळी घ्यावी तसं.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या गरजेनं. एसटी स्टँडवर बायांसाठी धड मुतारी नाही, म्हणून आम्ही काही जणी भांडत होतो. पत्रक मी लिहिलं होतं. पत्रकं मी शाळेत असल्यापासून लिहिते, मोहल्ल्यातलं चौदा एप्रिलचं पत्रक माझ्याच हातचं असतं. घरी टाइप केलं, दुकानात छापायला नेलं, तर तिथल्या मशीनवर जोडाक्षरं फुटली. ‘स्त्रियांच्या’ या शब्दाच्या जागी चार रिकामे चौकोन. दुकानदार म्हणाला, “ताई, तुमचा फॉन्ट माह्याकडं नाई. गुल्हाने काकाकडं जा. डोकं खाते, पण काम करते.”

डोकं त्यांनी दारातच खायला घेतलं. पेनड्राइव्ह हातात घेऊन विचारलं, हा फॉन्ट कुठून आणला. मी म्हटलं, नेटवरून, फुकट आहे.

“फुकट हाय का मोकळा हाय?”

मला फरक कळला नाही. ते म्हणाले, “लग्नातलं जेवण फुकट असते. वावरातून गावची पायवाट जाते, ते मोकळी असते. जेवण उद्या बंद झालं तर कोणी काई म्हणत नाई. पायवाट बंद केली तर गाव भांडते.”

हे वाक्य मी नंतर दोन पत्रकांत वापरलं. त्यांना विचारून.

मोकळा फॉन्ट कोणता हे ठरवायची त्यांची रीत अशी, की प्रत्येक फॉन्टसोबत परवान्याचा जो इंग्रजी मजकूर येतो तो ते शब्दकोश मांडीवर घेऊन शेवटपर्यंत वाचत. तो मजकूर जगात कोणी वाचत नाही. काका वाचत, आणि परवाना नसलेला फॉन्ट कितीही देखणा असो, घरात घेत नसत. पुढची परीक्षा म्हणजे त्यात ‘वऱ्हाड’ लिहून बघायचं. त्यातला र ज्याला जमला नाही तो फॉन्ट “दिल्लीचा” म्हणून बाजूला. उरलेल्यांचे फोल्डर: लग्न, मरण, निवडणूक, नोटीस. माझं पत्रक त्यांनी आधी नोटिशीत टाकलं, मग चष्मा वर करून वाचलं आणि नवीन फोल्डर केला. त्याचं नाव ठेवलं ‘भांडण’. त्यात तीन जाड फॉन्ट काढून दिले आणि सांगितलं, तुझ्या मजकुराला पातळ अक्षर झेपत नाही.

अकोल्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये त्यांची नोकरी झाली होती. सगळा जन्म बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेला. चुकीची चिठ्ठी म्हणजे कोणाचा तरी हात जळणार, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर छापील चिठ्ठी होती. तूरडाळीला ठसठशीत अक्षर, बडीशेपेला नाजूक. मी हसले तर ते हसले नाहीत. म्हणाले, डबा दुरून ओळखू आला पाहिजे.

त्या घरात बोलायला कोणी नव्हतं, हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत. निघते म्हटलं की ते म्हणत, आणखी एक दाखवतो. तो दाखवून झाला की त्याचाच भाऊ दाखवायचा असे, जरा तिरपा. कधी कधी पत्रकात काही काम नसतानाही मी जाऊन बसे. माझ्यासोबतच्या मुली म्हणत, तुला त्या म्हाताऱ्याकडे काय मिळतं. मला शांतता मिळायची. दिवसभर लोकांवर ओरडून आल्यावर एका माणसानं ‘ळ’ची शेपटी किती लांब असावी यावर अर्धा तास बोलावं, हे मला बरं वाटे.

एके दिवशी ते चहा टाकायला गेले असताना मला दुसरे फोल्डर दिसले. ‘उघडलं नाई’, ‘अर्धं उघडलं’, ‘परत पाहाचं’. पहिल्यात हजारो फॉन्ट होते. ते बाहेर आल्यावर मी विचारलं, हे काय. त्यांनी कप ठेवला, एक फाईल उघडली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. पडद्यावर कचरा होता. इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, कंस, टोप्या घातलेले ए.

“हे मराठी हाय,” ते म्हणाले. “माह्या बहिणीनं लिह्यलं हाय.”

त्यांची बहीण नलिनी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. लग्न दोघांचंही नाही. काका रिटायर होऊन अकोल्याहून घरी आले तेव्हापासून दोघं या घरात होते, ती वारेपर्यंत. कॉम्प्युटर तिचा. सुट्टीत अकोल्याच्या एका क्लासमध्ये ती तो शिकून आली होती, आणि शाळेतून आली की रोज दुपारी बसून काहीतरी लिही. महिन्याला एक फाईल, रोजची तारीख घालून. त्या काळातले फॉन्ट आजच्यासारखे नव्हते. आत इंग्रजीच अक्षरं साठत, वरून फॉन्ट त्यांना मराठीचा सदरा घाली. तो फॉन्ट गेला की उरतो तो हा कचरा. आणि नलिनीबाईंनी लिहिलं होतं साध्या नोटपॅडात, जिथली फाईल आपल्या फॉन्टचं नावही सांगत नाही.

मग तो फॉन्ट गेला कुठे? हे काकांनी खालमानेनं सांगितलं. नलिनीबाई दवाखान्यात होत्या. काका डबा पोहोचवून घरी येत, दुपार खायला उठे. कॉम्प्युटर फार हळू चालतो अशी तिची तक्रार त्यांनी शेजारणीकडून ऐकली होती. त्यांनी मनावर घेतलं. कोणाला तरी विचारून फॉन्टचं फोल्डर उघडलं, ओळखीचे ठेवले आणि बिनओळखीचे सगळे काढले. कचरापेटीही रिकामी केली, कारण लॅबमध्ये तशीच सवय. ती घरी येईल, मशीन झटकन सुरू होईल, तिला बरं वाटेल. ती घरी आली नाही.

तेराव्यानंतर त्यांनी पहिली फाईल उघडली. ती शिकली तो क्लास कधीच बंद पडला होता. तेव्हापासून रोज तीन फॉन्ट. बसवायचा, तिच्या पहिल्या फाईलला लावायचा, बघायचं, काढायचा, फोल्डरमध्ये टाकायचा. नऊ वर्षं. त्या शोधात जे चांगले निघाले ते लोकांच्या लग्नामरणाला कामी आले, एवढंच. फॉन्टचा माणूस म्हणून गाव ज्यांना ओळखायचं ते खरं तर एकच फॉन्ट शोधत होते.

मी विचारलं, तक्रार शेजारणीकडून का ऐकली? एका घरात राहून बहीण सांगत नव्हती?

“माह्याशी बोलत नव्हती. सहा वर्षं.”

त्यांनी डब्यांना चिठ्ठ्या लावल्या की ती सगळे डबे फिरवून ठेवी, चिठ्ठी भिंतीकडे. हे पुन्हा सरळ करत, ती पुन्हा फिरवी. तेवढाच दोघांचा व्यवहार. स्वयंपाक ती करी, ताट झाकून ठेवी, आणि आतल्या खोलीत जाई.

कारण सांगायला त्यांना आणखी महिना लागला. नलिनीबाईंना वयाच्या पन्नाशीत लग्न करायचं होतं. मोर्शीचे एक मास्तर, विधुर, ट्रेनिंगमध्ये ओळख झालेली. घरी आले, चहा घेतला. त्यांच्यामागे काकांनी बहिणीला सांगितलं, हे या घरात होणार नाही.

“काहून?” मी विचारलं.

त्यांनी माऊस उचलून पुसला. मग म्हणाले, “तुह्यातले होते ते.”

माझं आडनाव त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या पत्रकाखाली ते त्यांनीच बसवलं होतं, ठळक अक्षरात. मी म्हटलं, “काका, पायवाट मोकळी पाहिजे, ते फॉन्टलेच का? बहिणीले नाई?” बचावाचं एकही वाक्य नाही. त्याचाच मला जास्त राग आला. मी कप तसाच ठेवला आणि निघाले. त्या दिवशी त्यांनी ‘आणखी एक दाखवतो’ म्हटलं नाही.

पाच महिने मी तिकडे फिरकले नाही. पत्रकं दुसऱ्याकडून करून घेतली, वाईट झाली, झाली तर झाली.

मग अंजनगाव सुर्जीला गेले. तिथल्या स्टँडचीही तीच रड, तिथल्या बायांनी बोलावलं होतं. सभा आटोपल्यावर पत्रकाच्या जादा प्रती काढायला बाजारातल्या एका प्रेसमध्ये गेलो. मालक म्हातारे, बोलके. कोपऱ्यात एक जुनं मशीन प्लास्टिकच्या झाकणाखाली होतं. मी म्हटलं, हे भंगारात का नाही दिलं? ते म्हणाले, जुन्या लग्नपत्रिकांचे मजकूर याच्यातच आहेत, दुसरीकडे नेले की इंग्रजी होतात. फॉन्ट कुठला विचारलं, तर म्हणाले, “पोरानं अकोल्याले क्लास केल्ता ना बाई, तठी सीडी देत सगळ्याइले. त्याच्यातले हायेत.”

क्लासचं नाव विचारलं. काकांच्या तोंडून ऐकलेलं तेच.

पेनड्राइव्हवर अकरा फॉन्ट आणले आणि चार दिवस पर्समध्ये ठेवले. काकांना ते मिळावेत असं मला वाटत नव्हतं, हे कबूल करते. पण त्या बाईनं सहा वर्षं लिहिलं होतं आणि एका ओळीचाही वाचक नव्हता, हे मला सहन होईना. शिवाय मला ते वाचायचं होतं. तिनं भावाची काय हजेरी घेतली असेल ते एखाद्यानं मोठ्यानं वाचावं, त्यानं ऐकावं, आणि मी तिथं असावं, अशी माझी इच्छा होती.

काकांनी दार उघडलं. बारीक झाले होते. मी पेनड्राइव्ह पुढे केला आणि कुठून आणला ते सांगितलं. त्यांनी लावला, अकरा नावं बघितली आणि सवयीनं विचारलं, “परवाना?”

“नाई काका. कागदच नाई याइले.”

ते हात मांडीवर ठेवून बसले. कोणाचा, कोणी दिला, कोण परत मागेल, काही ठाऊक नसलेला फॉन्ट या माणसानं कधी घरात घेतला नव्हता. मग त्यांनी पहिला बसवला. उघडलं नाही. दुसरा, तिसरा. तिसऱ्यानंतर ते थांबले नाहीत. सातव्याला कचरा हलला, कंस आणि टोप्या गेल्या, आणि पडद्यावर लिहिलेलं आलं: ‘आज दुसरीच्या वर्गात नवी चटई आली. पोरं लोळून हसली.’

काका ते वाचत नव्हते. हात लावून बघत होते. पडद्यावर बोट ठेवून प्रत्येक शब्द.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही फायली उघडत गेलो. काकांना एकच बघायचं होतं. ती त्यांना दादा म्हणे. प्रत्येक फाईलमध्ये ‘दादा’ शोधायचं. नोटपॅड एका वेळी एकच फाईल शोधतं, म्हणून एकेक महिना उघडून. पहिलं वर्ष, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसऱ्या वर्षाच्या जुलैत शब्द उजळला आणि काकांनी टेबल धरलं. वाक्य असं होतं: ‘पायल आज एकटी थांबली होती, तिचा दादा घ्यायला आला, तिचं दप्तर त्यानं डोक्यावर घेतलं.’ शाळेतली कोणी मुलगी. तिचा भाऊ.

मग पुन्हा काही नाही. शेवटच्या महिन्यापर्यंत.

शिव्या नाहीत, राग नाही, त्या लग्नाचा विषयही नाही. शाळा, पोरं, चटई, गुडघा, शेजारणीची सून, भाजीत काय. फक्त दरवर्षी दिवाळीच्या पुढेमागे, संत्र्याचा आंबिया बहार उतरतो त्या दिवसांत, एक ओळ येई: ‘मोर्शीची संत्री आली.’ आणखी काही नाही, कोणी पाठवली ते नाही. पण सहाही वर्षी होती.

“ते संत्री म्या खाल्ले,” काका म्हणाले. “सोलून ठेवत जाय ताटाजवळ. मले वाटे, बाजारातून आणते.”

माझ्या डोक्यात जे आरोपपत्र तयार होतं त्यातलं एक वाक्यही त्या बाईनं लिहिलं नव्हतं. काका फायली पुन्हा वर-खाली करत राहिले. शेवटी म्हणाले, “शिव्या असत्या तं बरं झालं असतं. एखादी तं असाले पायजे होती.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आपल्या नजरेतून सुटलं असन का कुठी? दादा नसन लिह्यलं, दुसरं काई लिह्यलं असन?”

कोणी दुसरं असतं तर म्हणालं असतं, असेल. मी म्हटलं, “नाई काका. सगळं पाह्यलं आपण.”

त्यानंतर त्यांनी रोजचे तीन फॉन्ट बंद केले. तो सगळा मजकूर ते आजच्या पद्धतीनं नव्यानं टाइप करू लागले, म्हणजे कुठल्याही मशीनवर उघडेल. मी सुचवलं, असं आपोआप बदलून देणारं काही मिळतं का बघू, नाही तर मुली बसवू, आठवड्यात होईल. त्यांना नको होतं. दिवसाला दोन पानं, दुपारी, ती बसे त्या वेळेला. मी गेले की सांगत, “आता फेब्रुवारीत हाय ते. गुडघा जरा बरा हाय तिचा.” एकदा म्हणाले, पायल पहिली आली. आठ-नऊ महिने ते तिच्या वर्गात होते, तिच्या गुडघ्यात होते, तिच्या शेजारणीकडे होते. तिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

मध्ये माझी नोकरी लागली, अकोल्याला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेले. दार लोटलेलं होतं. काका कॉम्प्युटरसमोर होते. टायपिंग संपलं होतं, शेवटची फाईलसुद्धा. मी विचारलं, मग आता काय चाललंय?

त्यांनी सरकून जागा दिली. पडद्यावर एकच ओळ होती, मोठी करून ठेवलेली: ‘शाळेतल्या कार्यक्रमाहून दुपारी घरी आले. घरात कोणी नव्हतं. शांत वाटलं.’

“तारीख पाह्य,” ते म्हणाले. “रविवार होता. रविवारी मी कुठी जात नाई. ह्याच घरात होतो मी. पुढच्या खोलीत, पेपर घेऊन. ती माह्यासमोरून गेली असन.”

मला वाटलं, आता रडतील. रडले नाहीत. एखाद्या बाटलीतलं द्रव कुठलं ते ठरवत असावेत तसे बघत होते.

“रागानं लिह्यलं असन, का तिले खरंच दिसलो नसन? रागानं असन तं चालते. तेच समजून नाई राहिलं. म्हणून पाहून राहिलो, कोण्या अक्षरात कसं वाटते.”

बाजूला फॉन्टची यादी उघडी होती. नऊ वर्षांत जमवलेले मोकळे फॉन्ट, सगळे आता एकाच वेळी बसवलेले, मशीन गुरगुरत होतं. त्यांनी एक निवडला. ओळ गोल झाली, लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखी.

“ह्याच्यात जरा रुसल्यावानी वाटते ना?”

मी बघितलं. घरात कोणी नव्हतं. शांत वाटलं.

“तसंच वाटते, काका.”

त्यांनी मान हलवली, बोट खालच्या बाणावर ठेवलं आणि पुढचा फॉन्ट घेतला. मी उठले तेव्हा ते पाचव्यावर होते. यादी खाली लांबच लांब होती.